फवारा, अ‍ॅसिड आणि घरातला दमा

आमच्या घरी आईला जुना दमा असल्यामुळे दिवाळीच्या साफसफाईआधी कोणत्या बाटल्या बाहेर काढायच्या यावर दरवर्षी वाद होतो. सगळा रोख ‘कोणते रसायन वाईट’ यावर असतो. ते फवारून वापरायचे की फडक्यावर घेऊन, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तेच आधी विचारायला हवे.

युरोपातील १० देशांत, घरची साफसफाई स्वतः करणाऱ्या आणि सुरुवातीला दमा नसलेल्या सुमारे ३,५०० प्रौढांचा काही वर्षे मागोवा घेण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आठवड्यातून किमान एकदा फवारे वापरणाऱ्यांमध्ये दम्याची लक्षणे अधिक आढळली. काचेचे, फर्निचरचे आणि खोली सुगंधित करणारे फवारे त्यांत ठळक होते. न फवारता वापरलेल्या द्रवांचा दम्याशी असा संबंध दिसला नाही. फवाऱ्याचे बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर सरळ श्वासनलिकांत उतरतात, हे लक्षात घेतले की यात नवल वाटत नाही. लिंबाच्या वासाचे कौतुकही जरा बेतानेच करावे, कारण तो वास देणारे लिमोनिन हवेतील ओझोनशी संयोग पावले की फॉर्माल्डिहाइड हा श्वासमार्गाला झोंबणारा वायू तयार होतो.

नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेले आकडे मला अधिक अस्वस्थ करतात. जोराने उच्छ्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा वयानुसार कमी होतेच. पण साफसफाई न करणाऱ्या स्त्रियांमध्ये ही घट वर्षाला १८.५ मिलिलिटर, घरी साफसफाई करणाऱ्यांमध्ये २२.१ आणि हेच काम नोकरी म्हणून करणाऱ्यांमध्ये २२.४ मिलिलिटर होती. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरीही एकाच सकाळी चार घरांची बाथरूम घासणाऱ्या मावशींचा विचार आपण बाटली विकत घेताना करत नाही, हे खरेच आहे.

त्यांच्यासाठी सर्वांत धोकादायक जागा म्हणजे दार लावलेला संडास. तेथे वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. डाग निघेना म्हणून त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरीन वायू सुटतो. असा वायू मोठ्या प्रमाणात छातीत गेल्यास, पूर्वी कधीही दमा नसलेल्या माणसालाही एका दिवसाच्या आत खोकला आणि धाप लागून तो त्रास महिनोन्महिने टिकू शकतो. डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन १९८५ मध्येच केले आहे. म्हणून आमच्याकडे आता या दोन वस्तू एकाच फळीवर ठेवत नाही, काचा ओल्या फडक्याने पुसतो, आणि संडास घासताना दार उघडे व पंखा चालू असतो. सुगंधी फवाऱ्यावरून मात्र आईशी अजून एकमत झालेले नाही, कारण पाहुणे येणार म्हटले की तो तिलाच हवा असतो.