रेझ्युमेत लावलेली दोन वर्षं

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी ताईचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. डायनिंग टेबलावरचा चिवड्याचा डबा बाजूला सारून म्हणाला, "मावशी, रेझ्युमे बघतेस का जरा? तू तिकडे मुलाखती घेतेस ना?"

मी श्टुटगार्टहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर कोथरूडला आले आहे. तिकडे गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सची चाचणी करणाऱ्या टीममध्ये काम करते, आणि गेली काही वर्षं नवीन माणसं घेताना मुलाखतीलाही बसते. पुण्याहून आलेले अर्ज बहुतेक वेळा आधी माझ्याकडे येतात, कारण इथली कॉलेजं मला माहीत आहेत. असे रेझ्युमे खूप वाचलेत. घरातल्या मुलाचा वाचताना मात्र पहिल्याच पानावर थांबले.

तो 2023 ला मेकॅनिकल झाला. चाकणच्या एका कारखान्यात सहा महिने इंटर्नशिप केली आणि त्यानंतर दीड वर्ष घरी आहे. रेझ्युमेवर मात्र 'दोन वर्षांचा अनुभव' होता, आणि खाली अशा एका कंपनीचं नाव, जे मी कधी ऐकलं नव्हतं.

"ही कुठे आहे रे?"

तो खाली बघत म्हणाला, "ते कन्सल्टन्सीवाले लावून देतात. ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, रिलिव्हिंग लेटर, सगळं. बीजीव्हीचा, म्हणजे जुन्या नोकरीची खातरजमा करणाऱ्यांचा, फोन आला तर तेच उचलतात."

ताई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "सगळीच मुलं करतायत गं. फ्रेशरला कुणी दारात उभं करत नाही." तिच्या आवाजात दीड वर्षाचा थकवा होता. शंभर-दीडशे अर्ज पाठवलेत त्याने, आणि बहुतेकांचं 'नाही' असंसुद्धा उत्तर आलेलं नाही.

त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही. बोलायचा हक्क आहे की नाही, हेच मला कळेना. माझ्याही नावावर एकदा दोन वर्षं लावली गेली होती.

2014 ची गोष्ट. हिंजवडीत एका कंपनीत मला दीड वर्ष झालं होतं. काम काय, तर टेस्ट केसेस लिहायच्या, एक्सेलमध्ये निकाल भरायचे. जर्मन क्लायंटकडे एक जागा निघाली आणि मॅनेजरने माझं प्रोफाइल पाठवलं. पाठवण्याआधी मला दाखवलं, तर त्यात साडेतीन वर्षं होती आणि 'हिल बेंचचा स्वतंत्र अनुभव' असंही होतं. मी म्हटलं, सर, हे मी केलेलं नाही. ते म्हणाले, "क्लायंटला दाखवायला लागतं. जाऊन शीक ना, हुशार आहेस तू." ऑनसाइटची संधी होती. आई-बाबांना सांगून झालं होतं. मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं माझं होतं, मॅनेजरचं नाही.

हिल बेंच म्हणजे माणसाच्या उंचीचं एक कपाट असतं. गाडीतला खरा कंट्रोलर, म्हणजे तिचा छोटा कॉम्प्युटर, त्याला जोडायचा, आणि ते कपाट त्या कंट्रोलरला भासवतं की तो चालत्या गाडीतच आहे. वेग, तापमान, ब्रेकचा दाब, सगळे सिग्नल तेच देतं. मग मुद्दाम बिघाड करायचा: एखादी सेन्सरची वायर रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, तोडायची किंवा ग्राउंडला जोडायची, आणि कंट्रोलरला तो बिघाड ठरलेल्या मिलिसेकंदांत कळतो का ते बघायचं. आयएसओ 26262 हे गाड्यांच्या सुरक्षेचं मानक 2011 मध्ये आलं, तेव्हापासून ब्रेक-स्टिअरिंगसारख्या भागांसाठी या चाचण्यांचं महत्त्व फारच वाढलं आहे.

जर्मनीला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ते कपाट माझ्या ताब्यात दिलं. का देणार नाहीत? साडेतीन वर्षांचा अनुभव होता ना. मी रात्री हॉटेलात मॅन्युअल वाचायचे आणि दिवसा कुणाला कळू नये म्हणून कमी बोलायचे. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री चाचण्यांची मोठी मालिका लावून गेले. सकाळी येऊन बघते तर साठ चाचण्या लाल. मी रिपोर्ट तयार केला आणि सॉफ्टवेअर टीमला पाठवून दिला: तुमच्या कोडमध्ये दोष आहे.

दोन माणसं नऊ दिवस आपला कोड शोधत होती. त्यातल्या एकाची रजा रद्द झाली.

दहाव्या दिवशी आमच्यातले एक वयस्कर सहकारी मल्टिमीटर घेऊन बेंचपाशी आले. एक प्रोब सेन्सरच्या पिनला, दुसरा ग्राउंडला. मीटर बीप करायला लागला आणि करतच राहिला. मधली एक चाचणी अर्धवट बंद पडली होती आणि माझ्या स्क्रिप्टने रिले मोकळा केला नव्हता. पुढच्या सगळ्या चाचण्या वायर ग्राउंडला जोडलेली असतानाच झाल्या होत्या. असं झालं की आधी रिले बघायचा, हे बेंचवर सहा महिने काढलेल्या माणसालाही माहीत असतं.

त्यांनी विचारलं, "साडेतीन वर्षांत हे एकदाही झालं नाही?"

मी सांगून टाकलं. दीड वर्ष, आणि बेंचला आधी कधी हातही लावलेला नाही. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे पहिल्या सोमवारी सांगितलं असतंस, तर दोन दिवस तुझ्याबरोबर बसलो असतो." आणि त्यानंतर ते खरंच दोन दिवस बसले.

मला ते वाक्य अजून टोचतं. दोन दिवसांचं शिकवणं हवं होतं, ते मागायची वाटच मी बंद करून घेतली होती. मदत मागितली तर खोटं उघडं पडणार, म्हणून मागायची नाही. आणि मागितली नाही की चुका होणार. अनुभव खोटा लावणाऱ्या प्रत्येक मुलाचे पहिले सहा महिने असेच जातात. त्यात आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. साडेतीन वर्षं अनुभवाच्या इंजिनिअरसाठी क्लायंटला लावायचा तासाचा दर दीड वर्षवाल्यापेक्षा जास्त असतो. तो वाढीव पैसा कंपनीला मिळाला. माझा पगार होता तेवढाच राहिला. माझ्या वाट्याला फक्त भीती आली.

पुढे बाबांना अर्धांगवायू झाला आणि मी नोकरी सोडून दहा महिने पुण्यात राहिले. परत अर्ज करायची वेळ आली तेव्हा इथल्या एका एजंटाने सुचवलं की मागच्या नोकरीची तारीख ओढून गॅप बुजवून टाक. मी बुजवली नाही. 2018 मध्ये श्टुटगार्टच्या कंपनीला पाठवलेल्या अर्जात सरळ लिहिलं: दहा महिने, वडिलांची शुश्रूषा. जर्मन किती येतं या रकान्यात बी-वन, म्हणजे मधली पातळी, लिहिलं, कारण बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनमध्ये मी तेवढीच परीक्षा पास झाले होते. मुलाखतीत गॅपबद्दल एकच प्रश्न आला: "वडील आता कसे आहेत?" मग त्या बाई पुढच्या विषयाकडे वळल्या.

म्हणून तिकडे सगळे हरिश्चंद्र आहेत असं समजू नका. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला लेखी प्रशस्तिपत्र मागायचा कायदेशीर हक्क आहे. व्यापार-उद्योग नियमन कायद्याच्या कलम 109 मध्ये तो दिलेला आहे. हे पत्र खरं असलं पाहिजे आणि त्याच वेळी माणसाच्या पुढच्या वाटचालीला मारक नसलं पाहिजे, असं तिथली न्यायालयं सांगतात. या दोन अटींच्या कात्रीत एक वेगळीच भाषा तयार झाली आहे. 'नेहमीच आमच्या अगदी पूर्णातिपूर्ण समाधानाप्रमाणे काम केलं' म्हणजे उत्तम. त्यातलं 'नेहमीच' गळलं आणि नुसतं 'पूर्ण समाधान' उरलं की मध्यम. आणि 'त्यांनी सतत प्रयत्न केले' असं लिहिलं असेल तर समजायचं, माणूस कामाचा नव्हता. माझ्या एका मित्राने असं पत्र आनंदाने घरी पाठवलं होतं. त्याला अर्थ समजावून सांगताना मला फार वाईट वाटलं. ही पद्धत मला आवडत नाही. बाहेरून आलेल्या माणसावर ती अन्याय करते.

पण एक गोष्ट तिथल्या कायद्याने फार शहाणपणाने केली आहे. मालकाला विचारायचा अधिकारच नाही असा प्रश्न विचारला, तर उमेदवाराने खोटं उत्तर दिलेलं चालतं. बाईला 'गरोदर आहात का?' असं विचारलं आणि ती 'नाही' म्हणाली, तर त्यावरून पुढे तिचा करार मोडता येत नाही. उलट पदवी किंवा अनुभव यांसारख्या योग्य प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं, तर नागरी संहितेच्या कलम 123 खाली फसवणूक म्हणून करार रद्द करता येतो, आणि ते काही वर्षांनी उघड झालं तरी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुण्यातल्या माझ्या मुलाखती आठवल्या. "लग्नाचं काय ठरलंय?" असं मला दोनदा विचारलं गेलं होतं. दोन्ही वेळा मी खोटं बोलले. त्याचा मला आज पश्चात्ताप नाही.

'करंट सीटीसी किती?' हा प्रश्नही मी त्याच रांगेत ठेवते. नवीन पगार जुन्या पगारावर वीस-तीस टक्के वाढवून ठरणार असेल, तर माणूस जुना आकडा फुगवणारच. काम तेच, माणूस तोच, पण आधीच्या कंपनीने कमी दिलं म्हणून पुढच्या कंपनीनेही कमीच द्यायचं, हा कुठला न्याय? युरोपीय संघाच्या 2023 च्या वेतन पारदर्शकता निर्देशात उमेदवाराला जुना पगार विचारायला मनाई आहे, आणि तो निर्देश आपापल्या कायद्यात आणायला सदस्य देशांना 7 जून 2026 पर्यंत मुदत दिली आहे. इथेही तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं. पोरांना प्रामाणिकपणा शिकवताना त्यांना खोटं बोलायला लावणारे प्रश्नही बंद केले पाहिजेत.

तर, भाचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन परत बसले. आधी माझी वर लिहिलेली सगळी गोष्ट सांगितली. ताईनेही ती पहिल्यांदाच ऐकली. मग व्यवहाराचंही सांगितलं. 2014 पासून प्रत्येक पीएफ खातेदाराला यूएएन नंबर असतो, आणि कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यात पैसे भरले ते त्यात दिसतं. चांगल्या कंपन्या तेच बघतात. कन्सल्टन्सीवाला फोन उचलेल, पण पासबुकात दोन वर्षं कुठून आणणार?

मग विचारलं, "चाकणला सहा महिने नेमकं काय केलंस?"

"काही विशेष नाही. इन्स्पेक्शन होतं. शाफ्ट मोजायचे."

"कशाने?"

"मायक्रोमीटरने." आणि मग हळूहळू बोलायला लागला. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असायचं. सुट्टीनंतरचे पहिले चार-पाच शाफ्ट दोन-तीन शतांश मिलिमीटरने जाड यायचे आणि रिजेक्ट व्हायचे. याने पंधरा दिवस वहीत वेळेसकट मापं लिहिली. मशीन थंड झाल्यामुळे हे होतंय असं त्याच्या लक्षात आलं, आणि वही सुपरवायझरना दाखवली. तेव्हापासून सुट्टी संपायच्या दहा मिनिटं आधी मशीन रिकामं फिरवून गरम करायला लागले. रिजेक्शन जवळजवळ थांबलं.

मी त्याचा रेझ्युमे पुन्हा वर-खाली बघितला. सिक्स सिग्मा होतं, लीडरशिप होती, न केलेली दोन वर्षं होती. ही वही कुठेच नव्हती.

"हे का लिहिलं नाहीस?"

"हे काय लिहायचं, मावशी? हे तर कुणालाही दिसलं असतं."

आमचे बाबा भोसरीला टर्नर होते. त्यांच्या शॉपमध्ये नवीन पोरगा आला की त्याच्या हातात व्हर्नियर आणि एक तयार जॉब द्यायचे आणि म्हणायचे, मोज. पोरगा व्हर्नियर कसा धरतो, एकदाच मोजतो की फिरवून दोनदा, एवढ्यावरून त्यांना कळायचं. या मुलाची वही त्यांच्यासमोर ठेवली असती तर त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशीपासून कामाला बोलावलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्या घरांमध्ये स्वतःच्या तोंडाने स्वतःचं सांगू नये असं शिकवतात. मग खरं केलेलं सांगायला जीभ रेटत नाही, आणि न केलेलं दुसऱ्याने छापून दिलं की ते चालतं. मुलाखतीत पुण्याची मुलं 'आम्ही केलं, आम्ही केलं' म्हणतात आणि समोरचा विचारतो, यात तुम्ही काय केलं? तिथे अडखळतात. 'मी' म्हणणं म्हणजे फुशारकी नाही, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही एक पान तयार केलं. अनुभव: सहा महिने, इंटर्नशिप. त्याखाली वहीची गोष्ट चार ओळींत: किती शाफ्ट, किती दिवस, किती रिजेक्शन, नंतर काय बदललं. मधल्या दीड वर्षासमोर 'नोकरीचा शोध आणि सी प्रोग्रामिंगचा अभ्यास' लिहिलं, कारण तो खरंच रोज दोन तास तेच करत होता. ताई अजून धास्तावलेली आहे. "एवढ्याशा कागदावर कोण घेणार गं?" म्हणाली. तिच्या काळजीवर माझ्याकडे खात्रीचं उत्तर नाही.

काल त्याने चाकणच्या सुपरवायझरना फोन केला, रेफरन्स म्हणून नाव देऊ का विचारायला. फोन स्पीकरवर होता. त्यांनी आधी विचारलं, "अरे, ती वही तुझ्याकडे आहे का इथेच राहिली?" वही कारखान्यातच राहिली होती. ते म्हणाले, "थांब, शोधतो. आणि नंबर दे माझा, बिनधास्त दे."