निम्म्या पेमेंटची सही जुळेना

एका ऑनलाइन दुकानाचा पीएचपी (वेबसाइट चालवणारी प्रोग्रामिंग भाषा) कोड आमच्याकडे तक्रारीसकट आला. ग्राहकाचे पैसे कापले जात होते, तरी जवळपास निम्म्या ऑर्डर ‘पेमेंट अयशस्वी’ म्हणून पडून राहत. निम्म्याच का, यातच उत्तर होतं.

पेमेंट गेटवे, म्हणजे पैसे घेणारी मधली सेवा, एका पोस्ट फील्डमध्ये (फॉर्मसारख्या पाठवलेल्या माहितीच्या रकान्यात) सगळा तपशील पाठवत होता: ऑर्डर=1045|रक्कम=250.00|सही=… अशा जोड्या, प्रत्येकीत = च्या आधी नाव (की), नंतर मूल्य (व्हॅल्यू). सही म्हणजे संदेश खरा आहे का हे तपासायचा कोड. जुन्या कोडने | च्या जागी & घालून ती स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) ‘पार्स_एसटीआर’ या फंक्शनला दिली होती. एका ओळीत ॲरे, म्हणजे की-व्हॅल्यूंची यादी, तयार! पण हे फंक्शन यूआरएलमधल्या क्वेरीसाठी (वेब पत्त्यात ? नंतर येणाऱ्या तपशिलासाठी) आहे. ते + ची मोकळी जागा करतं, % नंतरचे कोड उलगडतं, कीमधल्या टिंबाचा अंडरस्कोर करतं. फील्ड पीएचपीने आधीच एकदा डीकोड केलेलं असतं. इथे ते दुसऱ्यांदा होत होतं.

सही एसएचए-256 एचमॅकची (गुप्त शब्द वापरून काढलेला संदेशाचा ठसा), म्हणजे 32 बाइट. बेस64 मध्ये (बाइट अक्षरं, अंक, + आणि / यांत लिहायची पद्धत) तिची 44 अक्षरं होतात, शेवटचं नेहमी =. उरलेल्यांत निदान एक + येण्याची शक्यता सुमारे 48 टक्के. त्या सह्या बिघडत, बाकीच्या सुखरूप जात. म्हणूनच लॉगमध्ये ऑर्डरची रक्कम, बँक, वेळ असं काहीही समान सापडत नव्हतं.

नुसतं = वर ‘एक्सप्लोड’ (दिलेल्या खुणेवर स्ट्रिंगचे तुकडे करणारं फंक्शन) करून दुसरा तुकडा घेतला असता, तर सहीच्या शेवटचं = गळालं असतं आणि एकही सही जुळली नसती. म्हणून आधी | वर ‘एक्सप्लोड’ केलं, मग प्रत्येक जोडी = वर, तिसरा आर्ग्युमेंट 2 देऊन. तेव्हा पहिल्या = लाच तुकडा पडतो, पुढचं सगळं व्हॅल्यूत राहतं. शेवटी जादा | असेल तर रिकामा तुकडा येतो, तो सोडून दिला. ज्या जोडीत = नाही किंवा जी की दुसऱ्यांदा आली, तिथे सगळा संदेशच नाकारला; पैशांच्या व्यवहारात अंदाजाने रिकामी व्हॅल्यू भरणं मला मान्य नाही. सहीची तुलना ‘हॅश_इक्वल्स’ या सुरक्षित तुलनेच्या फंक्शनने केली.

तयार ॲरेवर कॉलबॅकशिवाय, म्हणजे काय ठेवायचं हे न सांगता, ‘ॲरे_फिल्टर’ होता, तोही काढला. रिकाम्या व्हॅल्यूंबरोबर तो "0" सुद्धा उडवतो, आणि सवलत=0 ही खरी माहिती आहे. चाचणीसाठी नमुना सही निवडली ती मुद्दाम + असलेली.