आमची वाटचाल: निवडुंगाच्या बाकावरून डिकिया उतरवली तेव्हा

आमच्या रोपवाटिकेत डिकिया, काटेरी पानांचं शोभेचं झाड, आली ती थेट निवडुंगाच्या बाकावर. काटे पाहून पाणीही निवडुंगासारखंच, पंधरा दिवसांनी. रोपं मेली नाहीत, पण बाहेरची पानं टोकाकडून वाळत गेली. वाळलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे असं रोप विकायला ठेवता येत नाही.

डिकिया अननसाच्या कुळातली. मूळ घर मुख्यतः ब्राझील, शिवाय पॅराग्वे, उरुग्वे, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया. जर्मन राजपुत्र आणि वनस्पतींचे अभ्यासक योसेफ साल्म-डिक यांचं नाव या प्रजातीला १८३० साली मिळालं. उघड्या खडकावर तळपत्या उन्हात वाढते, पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) रात्री उघडते. मात्र कुळातल्या इतर कित्येक झाडांसारखा पानांच्या पेल्यात पाणीसाठा करत नाही, मुळांनीच पिते. डिकिया ब्रेव्हिफोलिया ही जात तर पुरात बुडणाऱ्या नदीकाठच्या खडकांवर उगवते!

म्हणून आता कुंडीत निम्मी बारीक खडी किंवा विटांचे तुकडे, पाव भाग धुतलेलं कोकोपीट, पाव भाग कुजलेला पालापाचोळा. उन्हाळ्यात एक दिवसाआड, थंडीत आठवड्याने पाणी. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढायचीच; साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि गाभा सडतो. सावलीत किंवा जास्त नत्रावर पानं लांबतात, तांबूस रंग उतरतो.

सडीवर सवयीने बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) मारू नका. त्यातलं तांबं या कुळाला विषारी आहे. खवले किडीसाठी तेलकट फवाराही नको, पानांवरचा रुपेरी थर जातो. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून कीड टिपायची.

फुलांचा दांडा बाजूने येतो, त्यामुळे फुलल्यावर मूळ झाड मरत नाही, फुटवे देत राहतं. फुटवा आईच्या निम्म्याएवढा झाला की जाड चामडी हातमोजे घालून धारदार सुरीने कापायचा, जखम तीन दिवस सावलीत सुकवायची, मगच लावायचा. ओली जखम मातीत गेली की बुरशी धरते.

बीसुद्धा सहज रुजतं. ते वरच पसरायचं, पुरायचं नाही. पण शेजारी फुललेल्या दोन जातींचा संकर लगेच होतो. म्हणून बियांच्या रोपांवर आम्ही फक्त ‘संकर’ लिहितो; जातीच्या नावाने विकतो ती फुटव्याचीच रोपं.