शांता आपटे : डोळ्यांनीही गाणारी नायिका

जुन्या मराठी चित्रपटांतल्या गायिका-अभिनेत्रींचा विषय निघाला की ‘माणूस’मधल्या एका गाण्याच्या जोरावर शांता हुबळीकर लगेच आठवतात, आणि शांता आपटे यांचे नाव निघालेच तर ते बहुतेक वेळा त्यांच्याशी गल्लत होऊनच निघते. दोघी शांता, दोघी प्रभात फिल्म कंपनीच्या, दोघी गाणाऱ्या, तेव्हा गल्लत होणे स्वाभाविक आहे. तरीही माझ्या मते आपल्या बोलपटात गाणे आणि अभिनय यांच्यामधली भिंत ज्या नायिकेने प्रथम पाडली, ती शांता आपटे. त्यांच्या आधीचा गाणारा नट गाणे आले की अभिनय बाजूला ठेवायचा. शांताबाई गाऊ लागल्या की त्यांचा अभिनय उलट तिथून सुरू व्हायचा.

हे किती मोठे पाऊल होते, ते नाशिककरांना तरी सविस्तर सांगायची गरज पडू नये. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी एकही स्त्री मिळाली नाही आणि तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्याच वर्षी फाळके आपला कारखाना नाशकात घेऊन आले आणि इथे तयार झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले. भारतीय चित्रपटात स्त्री पहिल्यांदा दिसली ती अशी आमच्या गावच्या चित्रपटात, पण तो मूकपट होता आणि तिचा आवाज ऐकू येण्याची सोय नव्हती. पुढे १९३७ साली, फाळक्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ आला त्याच वर्षी, प्रभातचा ‘कुंकू’ही आला. पडद्यावरच्या स्त्रीने मधल्या चोवीस वर्षांत कुठून कुठवर मजल मारली, हे पाहायचे असेल तर ‘कुंकू’तली नीरा पाहावी.

शांताबाईंचा जन्म १९१६ साली सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. गाण्याचे शिक्षण पंढरपुरात झाले आणि १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडक यांच्या कृष्णासमोर राधेची भूमिका मिळाली. हा चित्रपट मुंबईत २५ आठवड्यांहून अधिक काळ चालला. मात्र त्यांची खरी ओळख झाली ती प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यानंतर निघालेल्या ‘अमृतमंथन’ने, म्हणजे १९३४ साली. त्या चित्रपटाचे नाव काढले की लोकांना चंद्रमोहन यांचे पडदाभर मोठे केलेले डोळे आठवतात. मला त्याइतकीच शांताबाईंची गाणी महत्त्वाची वाटतात, आणि त्यांचे निम्मे श्रेय संगीतकार केशवराव भोळे यांचे आहे.

भोळे हे नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाला संगीत देऊन आलेले. गाण्याने नाटक थांबवू नये, ते पात्राच्या मनातून यावे, शब्द स्पष्ट कळावेत आणि काम झाले की गाणे संपावे, हा त्यांचा आग्रह. संगीत रंगभूमीच्या भरात वाढलेल्या प्रेक्षकाला हे पचणे सोपे नव्हते, कारण त्याला पदावर पद आणि वन्समोअरवर वन्समोअर अशी सवय होती. त्यातच पार्श्वगायन अजून रुळलेले नव्हते. कॅमेरा चालू असतानाच गायचे, वादक चौकटीच्या बाहेर बसलेले आणि मायक्रोफोन दिसणार नाही अशा बेताने ठेवलेला, अशी ती व्यवस्था होती. अशा वेळी बहुतेक गायक मायक्रोफोनच्या धाकाने एका जागी खिळून उभे राहत, यात नवल नाही. शांताबाई मात्र भुवई उचलत, मान वेळावत, हाताने शब्द दाखवत, आणि तरीही सूर ढळू देत नसत. पुढच्याच वर्षी याच प्रभातने साक्षात बालगंधर्वांना घेऊन ‘धर्मात्मा’ काढला. तिथे गाणे दैवी असूनही कॅमेऱ्यासमोर तो महान नट अवघडल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर ‘अमृतमंथन’ शेजारी ठेवून पाहिला तर आपोआप मिळते.

१९३६ च्या ‘अमरज्योती’त दुर्गाबाई खोटे यांच्या दणकट सौदामिनीपुढे शांताबाईंची नंदिनी थोडी फिकी पडते. मास्तर कृष्णरावांनी चाल दिलेले, वनातल्या प्राण्यांना उद्देशून म्हटलेले त्यांचे गाणे मात्र अजून ताजे आहे. ‘गोपालकृष्ण’मधली राधा गोड आहे, पण त्या गोडव्यात त्यांच्या स्वभावातली धार बोथट झाल्यासारखी वाटते.

ती धार पुरेपूर वापरली गेली ती ‘कुंकू’त. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी केलेल्या या चित्रपटात मामाने फसवून एका वयस्क विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला लग्न मानायलाच नकार देते. रडत नाही, विहीर जवळ करत नाही, ठाम नाही म्हणते. तारुण्यात आलेला सावत्र मुलगा लगट करू लागतो तेव्हा ती त्याला छडीने बडवते. समोर काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते असल्यामुळे हा सामना एकतर्फी होत नाही, आणि म्हाताऱ्याचीही कीव येत राहते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, पावलांचे आवाज, पात्रांचे बोलणे आणि ग्रामोफोनसारख्या दृश्यातल्याच साधनातून येणारे सूर, एवढ्यावर सगळे भागवले आहे. शांताबाई इथे लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता चक्क इंग्रजीत गातात. १९३७ सालच्या मराठी चित्रपटात हे धाडसच होते.

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आत्याकडे ‘कुंकू’ पाहत होतो तेव्हा हे इंग्रजी गाणे सुरू झाले आणि तिने हातातली वात वळायची थांबवून चष्मा नीट केला. ऐंशी ओलांडलेली आत्या सारा जन्म भजनी मंडळात गायली आहे. ती म्हणाली, ‘‘अगं, हिची नजर बघ, सुराच्या आधी पुढे पोचते. आमच्याकडे अशी मान हलवली असती तर बुवांनी मंडळाबाहेर काढलं असतं.’’ यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे मला नीटसे ठरवता आले नाही. चित्रपट संपेपर्यंत वाती मात्र तशाच पडून होत्या.

पडद्यावरची ही जिद्द पडद्याबाहेरही दिसली. करार आणि पगार यांवरून कंपनीशी बिनसल्यावर १९३९ साली शांताबाईंनी प्रभातच्या फाटकाशी बसून उपोषण केले. आज जिथे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे, तीच ही जागा. कंपनीच्या यशात आपल्या श्रमांचा वाटा किती आणि त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न एका नटीने चारचौघांत विचारावा, ही गोष्ट त्या काळच्या चित्रपटधंद्याला झेपणारी नव्हती. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींसमोर व्यवहाराची बाजू मांडली. ते उपोषण ज्यांना केवळ तमाशा वाटतो, त्यांनी या पुस्तकाचे नाव एकदा प्रश्नचिन्हासकट वाचावे.

प्रभात सुटल्यावर त्या कुठे कुठे गेल्या, ते पाहिले तर थक्क व्हायला होते. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’साठी त्यांनी तमिळ शिकून घेतली. त्यात नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या, म्हणजे एका चित्रपटात दोन घराणेदार गळे. १९४२ साली लाहोरला पंचोलींचा ‘जमीनदार’ केला, तर पुढच्या वर्षी ‘दुहाई’त समोर नूरजहाँ होत्या. पण भोळे-शांताराम यांच्यासारखी जोडी पुन्हा मिळाली नाही आणि भूमिकांमधला कस कमी होत गेला.

मास्टर विनायकांचा १९४६ चा ‘सुभद्रा’ मात्र वेगळ्या कारणासाठी ऐकण्यासारखा आहे. वसंत देसाईंच्या संगीतात शांताबाईंबरोबर एक द्वंद्वगीत गाणारी दुसरी मुलगी होती लता मंगेशकर, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. शांताबाईंच्या आवाजात चेहरा दिसतो, तो आवाज त्या एका बाईचाच राहतो. लताबाईंचा कोवळा आवाज कोणत्याही नायिकेच्या ओठांवर बसू शकेल असा आहे. तीन-चार वर्षांतच सगळा धंदा या दुसऱ्या प्रकारच्या आवाजावर उभा राहिला, आणि स्वतः गाणाऱ्या नायिकेची गरज संपली.

त्यानंतरही त्या काही मराठी-हिंदी चित्रपटांत दिसल्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरीला त्यांचे निधन झाले. अभिनेत्री नयना आपटे या त्यांच्या कन्या.

ज्यांना त्यांचा एकच चित्रपट पाहायचा आहे, त्यांनी ‘कुंकू’ मराठीतलाच पाहावा. त्याच्याच हिंदी आवृत्तीत, ‘दुनिया न माने’मध्येही, भूमिका त्याच आहेत आणि शांताबाईंचे हिंदी चांगले आहे, पण मामाशी आणि नवऱ्याशी भांडताना त्यांच्या मराठीला जो घरगुती तिखटपणा येतो, तो हिंदीत उतरलेला नाही.