बर्फ वितळताच फुलणारी रानफुलं

स्नोड्रॉप, हेपॅटिका, ब्लडरूट, ट्रिलियम. थंड प्रदेशात ही फुलतात तेव्हा वरच्या झाडांना अजून धड पालवीही फुटलेली नसते. सावली दाटण्याआधीच्या काही आठवड्यांत त्यांना वर्षभराचं अन्न साठवायचं असतं. म्हणून वाफा करायचा तो मॅपल, ओक अशा पानझडी झाडाखाली. सदाहरित झाडाखाली ऐन वसंतातही ऊन मिळत नाही.

मातीत पाचोळ्याचं कुजलेलं खत भरपूर हवं आणि निचरा चांगला हवा. ब्लडरूटचं जाडसर मूळखोड आडवं ठेवून जेमतेम २-३ सेंमी मातीखाली लावतात. पाणी साचलं की ते कुजतं. कापलं तर लाल रस निघतो आणि त्याने त्वचेची आग होते, तेव्हा हातमोजे घालूनच हाताळावं. स्नोड्रॉपचे कंद साधारण ८ सेंमी खोल जातात, पण त्यांची खोड वेगळीच: सुकलेले कंद बरेचदा उगवतच नाहीत. फुलं सरल्यावर, पानं हिरवी असतानाच गड्डे फोडून लगेच लावावेत.

ट्रिलियमला घाई चालत नाही. ताज्या बीतून पहिल्या वसंतात नुसतं मूळ फुटतं, पान दिसतं दुसऱ्या वसंतात आणि फुलायला पुढे कित्येक वर्षं जातात. त्यामुळे स्वस्तात मिळणारं मोठं रोप जंगलातून उपटलेलं असण्याची शक्यता बरीच. रोपवाटिकेत वाढवलेलंच आहे ना, हे विचारून घ्यावं. फूल खुडताना खालची तीन पानं तुटली, तर झाडाचा त्या वर्षीचा स्वयंपाकच बंद!

उशिरा लावलेली रोपं माती गोठण्या-वितळण्याच्या खेळात वर ढकलली जातात आणि मुळं उघडी पडतात. ती हलकेच दाबून बसवावीत. वर ५ सेंमी पाचोळा पुरतो, पण तो चुरून. मॅपलची अख्खी पानं ओली होऊन एकमेकांना चिकटतात आणि त्या थराखाली कोवळे कोंब गुदमरतात.

बिया वेचायला मुंग्या येतील, त्यांना हाकलू नका. ब्लडरूट आणि ट्रिलियमच्या बीला तेलकट गाठ असते. मुंग्या तेवढी खातात आणि बी टाकून देतात, त्यातून नव्या जागी रोपं येतात.

पानं पिवळी पडेपर्यंत कापू नयेत. उन्हाळ्यात यातली बरीचशी झाडं जमिनीवरून नाहीशी होतात आणि मोकळी जागा दिसली की कुदळ पडते. पानं दिसताहेत तोवरच तिथे खुंट्या रोवून ठेवा.