थंडीची वही

सफरचंद कोल्हापुरात येत नाही, हे मला माहीत होतं. पतसंस्थेत 32 वर्षं कर्जाची प्रकरणं तपासलेल्या माणसाला कुठलं खातं बुडणार हे लांबूनच कळतं. तरीही लावलं.

पहिल्यांदा जे लावलं, ते तर सफरचंद नव्हतंच. एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर 'ॲपल' अशी चिठ्ठी बांधलेलं कलम दिसलं. चिठ्ठीवरचा पुढचा शब्द पाण्यानं पुसलेला. मी तीनदा विचारलं, "ॲपलच न्हवं?" पोरगा म्हणाला, "ॲपलच की ओ काका." घरी आणून लावलं आणि वर्षभरात ते असं फोफावलं, की मी मनातल्या मनात काश्मीरला हसून घेतलं. फळंही लागली. हिरवी, गुळगुळीत, लहान पेरूएवढी. शेजारच्या आबांनी कुंपणावरून हात घालून एक तोडलं, कचकन चावलं, बी बाजूला थुंकली आणि निकाल दिला, "बोर हाय की हे!"

पुसलेला शब्द 'बोर' होता. ॲपल बोर. गल्लीतल्या पोरांनी दोन हंगाम दप्तरं भरभरून नेली. न मागता भरघोस देणारं झाड, पण माझं काही त्याच्यावर मन बसलं नाही. माणूस असा कृतघ्न असतो.

बागेचा नाद असलेल्या प्रत्येकाचं असं एक न जमणारं झाड असतं, हे मला नंतर कळत गेलं. राजारामपुरीतल्या माझ्या मित्राकडं नऊ वर्षांची लिची आहे. एकदा मुझफ्फरपूरची लिची खाल्ली आणि पठ्ठ्या वेडा झाला. लिचीला फुलायच्या आधी कोरडा, गार हिवाळा लागतो. तो नीट मिळाला नाही, की ती मोहोराऐवजी नुसती पालवी काढते. आणि ही नवी पालवी दिसते तांब्यासारखी लालसर. त्यामुळं दरवर्षी त्याचा एकदा तरी फोन येतो, "अरे, मोहोर आलाय बघ!" आम्ही जातो, चहा पितो, पालवी बघतो, परत येतो. दुसऱ्या एकानं मँगोस्टीन लावलंय. त्याला बारा महिने दमट हवा पाहिजे. आपल्याकडं मार्च-एप्रिलचा कोरडा वारा सुटला, की त्याच्या पानांच्या कडा पापडासारख्या होतात. हा भला माणूस दुपारी दोन वाजता झाडाला ओलं गोणपाट गुंडाळतो. स्वतःच्या डोक्यावर टोपी घालायचं मात्र त्याला सुचत नाही.

हे खूळ फक्त आपल्यातच आहे असंही नाही. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या बड्या लोकांना अननसानं असंच झपाटलं होतं. ब्राझीलकडचं फळ, आणि इंग्लंडात थंडी हाडं गोठवणारी. मग त्यांच्या माळ्यांनी काचेच्या खोल्या बांधल्या, जमिनीत खड्डे घेतले आणि त्यात कातडी कमावून झाल्यावर उरलेली ओकची साल भरली. ती कुजायला लागली, की महिनोन् महिने ऊब देते. त्या उबेत कुंड्या पुरायच्या. आमच्याकडं चपलेचं कातडं बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावतात, पण त्या सालीवर अननस पिकवावा असं कुठल्या कोल्हापूरकराच्या मनात आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तिकडं एकेक फळ इतकं महाग पडायचं, की ज्यांना ऐपत नव्हती ते मेजवानीपुरता अननस भाड्यानं आणायचे. खायचा नाही, नुसता टेबलावर मांडायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. लग्नात भाड्याचा फेटा बांधून मिरवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला जड जाणार नाही.

तर सफरचंद. त्याची अडचण उन्हाची नाही, झोपेची आहे. पुढच्या वर्षीची फुलं या झाडाच्या डोळ्यांत, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कोंबांत, आधीच्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसतात. मग पानं गळतात, झाड झोपतं, आणि झोपेत थंडी मोजत राहतं. साधारण सात अंशांच्या खालचे तास धरायचे. जुन्या, नावाजलेल्या जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. अखंड मोजले तर 42 दिवस. मधेच ऊन तापलं, तर जमा झालेल्यातून काही वजाही होतं म्हणतात. तेवढी शिल्लक जमली आणि मग ऊब आली, तर डोळे फुटतात. नाही जमली, तर झाड धड झोपत नाही आणि धड जागंही होत नाही. फांदी लांबत जाते, टोकाला पानांचा एक झुबका, मधली काडी उघडी. रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखं ते दिसतं.

हे वाचलं तेव्हा माझ्यातला कारकून जागा झाला. ही तर आवर्ती ठेव! हप्ता चुकला तर दंड, मुदत भरली तरच रक्कम. मी घरातली एक जुनी खतावणी काढली, गच्चीवर थर्मामीटर टांगला आणि डिसेंबरपासून पहाटे नोंदी लिहायला लागलो.

त्या वर्षी सात अंशांखालचे जमा तास : शून्य.

समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे मीटरवरचं आमचं गाव. आमची थंडी म्हणजे मफलर बाहेर काढायला निमित्त. माझ्या वहीत सगळ्यात खालचा आकडा अकरा, तोही एकदाच. पण आकड्यांच्या मागं लागल्यावर एकेक गोष्टी दिसायला लागल्या. इतकी वर्षं मला वाटायचं, सगळ्यात गारठा मध्यरात्री असतो. तसं नाही. पारा सगळ्यात खाली जातो तो अगदी उजाडताना, सूर्य वर यायच्या बेतात असतो तेव्हा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात घेतल्यावर ज्या वेळी बोटांना बरं वाटतं, नेमकी तीच वेळ. जानेवारीत रंकाळ्यावर पाण्यालगत धुकं लोळत असलं, की घरी येऊन वही उघडायची आधीच आकडा सांगता येतो, एखाद्या अंशाच्या फरकानं. साठ हिवाळे या गावात काढले आणि ते पहिल्यांदा नीट बघितले ते एका झाडासाठी.

कमी थंडीवर भागणाऱ्या जाती आहेत म्हणून एवढी हिंमत. हिमाचलात बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी परसात टाकलेल्या बियांतून एक रोप उगवलं, आणि सफरचंदाला उष्ण समजल्या जाणाऱ्या त्या भागात त्याला फळ धरलं. त्यातून एचआरएमएन-99 ही जात झाली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी मात्र लावलं ते इस्रायलमधलं 'ॲना'. त्याचं दोन-तीनशे तासांत भागतं. या खेपेला ओळखीच्या माणसाकडून, कलमाचा सांधा डोळ्यांनी बघून आणलं. बोरानं एवढं शहाणपण दिलं होतं.

दोनशे काय आणि हजार काय, माझ्याकडं जमा शून्यच. तीन वर्षं झाड नुसतं उंच गेलं. शेवटी मार्ग दाखवला तो तासगावच्या साडूनं. त्याची द्राक्षबाग आहे. मी माझं रडगाणं सांगत होतो, तो वेल बांधत ऐकत होता. म्हणाला, "ही द्राक्षं तरी कुठली आपली? थंड मुलखातलीच. हिला झोपायला थंडी पायजे हुती. आमच्यात थंडी न्हाई. मग आमी कात्री दिली."

मी या माणसाकडची द्राक्षं पंचवीस वर्षं फुकट खात आलो आणि हे कधी ध्यानात आलं नव्हतं. थंड देशात वेल पानं गाळून झोपते. आपल्याकडं ती झोपतच नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार करायला. ऑक्टोबरात गोडी छाटणी, घड काढायला. वर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. हिवाळ्याचं सगळं काम कात्रीवर आणि बाटलीवर. यावर अख्खे तालुके उभे राहिले, आणि थॉमसन सीडलेसमधून निवडलेल्या एका जातीला नावच 'तास-ए-गणेश' पडलं.

"तुमचं सफरचंद काय येगळं हाय? पानं काढा, ताण द्या," साडू म्हणाला.

पुढं वाचनात आलं, की इंडोनेशियात जावा बेटावर मलंगजवळच्या बाटू भागात हेच चालतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, हिवाळाच नाही, तरी तिथं सफरचंदाच्या बागा आहेत. काढणी झाली, की माणसं हातानं झाडाची सगळी पानं ओरबाडतात, फांद्या आडव्या वाकवून बांधतात, आणि झाडाला वाटतं हिवाळा होऊन गेला. वर्षाला दोन पिकं घेतात.

मग मी नोव्हेंबरअखेर पाणी तोडलं. डिसेंबरातल्या एका रविवारी स्टूल घेऊन बसलो आणि पान न् पान खुडायला लागलो. देठ खाली न ओढता वर उचलायचा, नाहीतर बगलेतला डोळा सालीसकट निघून येतो. पहिले चार असेच गेले. फांद्यांना सुतळीनं अर्ध्या विटा बांधल्या. मंडळी दारात येऊन थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "झाड करताय का कोंबडी सोलताय?" आबांनी मात्र काही न बोलता कुंपणावरून आणखी दोन विटा दिल्या.

फेब्रुवारीत तिसऱ्या फांदीवर डोळे सुजले. आधी राखाडी लव, मग हिरवं टोक, मग त्यातून गडद गुलाबी कळ्यांचा घोस. हरभऱ्याएवढ्या कळ्या. उमलल्यावर आत पांढऱ्या, गुलाबी राहिली ती फक्त पाकळ्यांच्या पाठीवर. मधली कळी आधी फुलते, कडेच्या मागून. मी नऊ फुलं मोजली. कोल्हापुरात, कढीपत्ता आणि तुळशीवृंदावन यांच्या मधोमध. लिचीवाल्या मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "पालवी असंल." आला, बघितलं, आणि चहा न घेता गेला.

फळ धरलं एकच. त्याला जुन्या ओढणीची पिशवी बांधली. एप्रिलात वळीव आला, गारांचा. पहिल्या पाच मिनिटांत खेळ आटोपला. लिंबाएवढं झालं होतं. एका बाजूला गार लागून तपकिरी डाग. मी धुऊन चार फोडी केल्या. कच्चं, आंबट, मागून तुरट. आबांनी आपली फोड तिखटमीठ लावून खाल्ली आणि म्हणाले, "बोर गोड हुतं."

आता तज्ज्ञ सांगतात, की एकटं 'ॲना' फळ धरायला कुचराई करतं. बरोबर फुलणारी दुसरी जात शेजारी हवी, आणि त्याला चांगलं स्थळ म्हणजे बहामातलं 'डॉर्सेट गोल्डन'. इस्रायलची मुलगी, बहामाचा मुलगा, लग्न फुलेवाडीत. रोपाची सोय झाली आहे. पण ऊन लागेल अशी जागा अंगणात एकच उरली आहे, आणि तिथं मंडळींचा कढीपत्ता आहे, सोळा वर्षांचा. सध्या बोलणी चालू आहेत. काल आमटीला फोडणी देताना त्यांनी मुद्दाम मलाच बाहेर पिटाळलं, "जावा, दोन डहाळ्या घेऊन या, आणि देठ वर उचलून खुडा."