प्लास्टर मारायच्या आधी भिंतीचे फोटो काढा, मोजायचा टेप लावून काढा

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आई साताऱ्याच्या घरात हॉलचे पडदे धुवायला काढत होती, स्टुलावर उभी, हात ओले कारण आत्ताच खिडकी पुसून झालेली, एका हाताने खिडकीचं लोखंडी ग्रील धरलेलं आणि दुसऱ्या हाताने स्टीलचा रॉड उचलायला गेली तर तिला असा करंट लागला की ती मागे फेकली गेली. मागे सोफा होता म्हणून वाचली. दोन दिवस हात बधिर होता तिचा. मी पुण्याहून पोचेपर्यंत बाबांनी मेन स्विच बंद करून ठेवला होता आणि दोघंही अंगणात बसले होते, आत जायला तयारच नव्हते.

तो रॉड तिथे दोन वर्षांपासून होता. दोन वर्षं कुणाला काही झालं नाही. मग त्याच दिवशी कसं काय?

वायरमन काका आले, त्यांनी मेन चालू करून ब्रॅकेटला टेस्टर लावला तर काही पेटेना. आईला वाटलं आता हे म्हणणार की तुम्हाला भास झाला. पण काका तसे नाहीत, त्यांनी हॉलमधलं एकेक बटण दाबून बघायला सुरुवात केली आणि खिडकीवरच्या ट्यूबचं बटण दाबलं तसा टेस्टर पेटला. म्हणजे रॉड लावताना ड्रिल बसलं होतं ते स्विचनंतरच्या वायरवर, आणि ती वायर ट्यूब चालू असेल तेव्हाच जिवंत. पडदे आई नेहमी सकाळी काढते, उजेडात. त्या दिवशी आभाळ आलं होतं म्हणून तिने ट्यूब लावली होती. एवढंच कारण.

भिंत फोडली. मी स्वतः बॅटरी धरून उभी होते. प्लास्टरच्या खाली जेमतेम बोटभर अंतरावर पांढरा पाईप, त्याला ड्रिलच्या बिटाने पाडलेलं गोल भोक, आत लाल वायरीवर नखाएवढा काप आणि त्या कापातून दिसणारं तांबं. स्क्रू रावळ प्लगपेक्षा (स्क्रू बसवायला भोकात घालतात ती नळी) लांब होता, त्याचं टोक बरोबर त्या तांब्याला टेकलेलं. टोक काळं पडलं होतं.

आणि पाईप तिरका! बोर्ड दाराजवळ, ट्यूबचा पॉइंट खिडकीच्या वर डाव्या बाजूला, आणि ज्याने कुणी १९९८ साली हे काम केलं त्याने बोर्डापासून पॉइंटपर्यंत सरळ तिरकी झिरी, म्हणजे पाईपासाठी भिंतीत खाच, मारून पाईप टाकलेला. दोन-तीन फूट पाईप वाचला असेल त्याचा, आणि एक बेंड. रॉड लावणाऱ्या पोराची मला चूक वाटत नाही, त्याने ड्रिल मारलं ती जागा बोर्डापासून चार-साडेचार फूट लांब होती, वर काही नाही, खाली काही नाही, कुठल्या हिशोबाने त्याला कळावं की इथून वायर गेलीय?

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी समजली जी खरं तर शाळेत शिकवायला हवी. "एमसीबी का नाही पडला?" हा बाबांचा पहिला प्रश्न. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पडतो तो शॉर्ट सर्किट झालं किंवा लोड जास्त झाला की. लाईटच्या लाईनला ६ किंवा १० अँपियरचा एमसीबी असतो आणि माणसाच्या अंगातून जाणारा करंट असतो मिलीअँपियरमध्ये, तेवढा तर एमसीबीला दिसतसुद्धा नाही. एमसीबी वायरला वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी असते आरसीसीबी, ती फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सारखा आहे का ते बघत राहते आणि ३० मिलीअँपियरचा फरक पडला की सेकंदाच्या आत सगळं तोडते. आमच्याकडे ती नव्हतीच. आता आहे, आणि बाबा दर महिन्याच्या १ तारखेला तिचं टेस्ट बटण दाबतात, बटण दाबल्यावर ती पडलीच पाहिजे, नाही पडली तर बदलायची.

तर मग घराचं वायरिंग पूर्ण नवीन करायचं ठरलं. काका म्हणाले, "ताई, एकच खोली करू, बाकीचं नंतर बघा." मी म्हटलं नाही काका, बाकीच्या भिंतींतही त्याच माणसाने पाईप टाकलेत.

या वेळी आम्ही काम सुरू व्हायच्या आधीच एक नियम ठरवला आणि तो मी भिंतीवर खडूने लिहून ठेवला, गवंड्यालाही दिसेल असा. बोर्डातून निघालेला पाईप एकतर सरळ वर जाईल, नाहीतर सरळ खाली, आणि आडवा जायचा असेल तर फक्त छताखालच्या ६ इंचांच्या पट्ट्यात. तिरकं कुठेही नाही. हा काही माझा शोध नाही. ब्रिटनच्या नियमात असे पट्टेच आखून दिलेत, छताला आणि भिंतींच्या कोपऱ्याला लागून १५० मिलिमीटर, आणि कुठलाही स्विच किंवा सॉकेट असेल तर त्याच्या रेषेत सरळ उभं आणि सरळ आडवं. जर्मनीतही पट्टे ठरलेले आहेत, आडवे ३० आणि उभे २० सेंटिमीटर रुंदीचे, त्यातला उभा पट्टा कोपऱ्यापासून आणि दाराच्या कडेपासून १० सेंटिमीटर सोडून सुरू होतो. आपल्याकडेही वायरिंगसाठी आयएस ७३२ हे मानक आहे, पण साइटवर प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय, पाईप किती लागला यावर सगळं चालतं.

या नियमाचा खरा फायदा असा की पंधरा वर्षांनी कुणीही अनोळखी माणूस ड्रिल घेऊन आला तरी त्याला नुसतं बोर्डाकडे बघून कळतं की या रेषेत होल मारायचं नाही.

आडव्या झिरीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण यात आमचं आणि गवंड्याचं बरंच झालं. आतल्या पार्टिशनच्या भिंती साडेचार इंची, म्हणजे ११५ मिलिमीटर. इंजिनियर लोक सांगतात की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशपेक्षा नको, कारण आडवी खाच भिंतीला कापतेच. आता हिशोब करा, ११५ चा एक षष्ठांश १९ मिलिमीटर, आणि घरात नेहमी वापरतात तो पाईप २० मिलिमीटरचा. बसतच नाही! म्हणजे साडेचार इंची भिंतीत आडवा पाईप टाकायचाच नाही, हे गणितच सांगतं. आम्ही आडव्या लाइनी फक्त बाहेरच्या नऊ इंची भिंतींत घेतल्या. आणि कॉलम-बीमला कटर लावायचा नाही, त्यावर वादच नाही. गवंडी म्हणाला एवढ्याने काय होतंय, सगळेच मारतात. मी नाही म्हटलं ते नाहीच.

वायरचं नेहमीचंच, लाईटला दीड चौरस मिलिमीटरची, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार, अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक पॉइंटपर्यंत, पाईप आयएसआय मार्कचा, कोपऱ्यात एल्बो न टाकता मोठा बेंड म्हणजे उद्या वायर बदलायची झाली तर ओढता येते. पाईप ठासून भरायचा नाही. पाईपांच्या तोंडात कागदाचे बोळे कोंबून ठेवायचे, नाहीतर प्लास्टरचा माल आत जातो आणि मग वायर ओढताना रडायची वेळ येते.

एक मात्र माझ्या समोर झालं म्हणून सांगते. झिरी बुजवताना वरून तडा जाऊ नये म्हणून कोंबडी जाळी मारतात, ती जाळी ठोकायला गवंड्याचा पोरगा खिळे मारत होता आणि एक खिळा त्याने बरोबर पाईपावर धरला. काका ओरडले म्हणून थांबला. त्या वेळी पाईपात वायर नव्हती, पण खिळा आत राहिला असता आणि नंतर ओढताना त्यावर वायर सोलली गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. जाळीचे खिळे पाईपापासून दोन इंच लांब विटेत मारायला लावा. स्वतः उभं राहून.

आता फोटो. सगळे म्हणतात फोटो काढून ठेवा, आणि सगळे काढतात ते असे की भिंतीवर खूप पाईप दिसतात पण कुठला पाईप कोपऱ्यापासून किती अंतरावर ते काही कळत नाही. फोटोत टेप दिसलाच पाहिजे. आम्ही काय केलं, प्रत्येक भिंतीला दोन टेप लावले, एक आडवा, कोपऱ्यापासून सुरू, आणि एक उभा. एका पाटीवर खडूने लिहिलं, हॉल, पूर्व भिंत, तारीख, आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवली. समोर उभं राहून फोटो, तिरका नाही, आणि वाइड अँगल लावायचा नाही कारण त्यात कडा वाकड्या येतात आणि मापं चुकतात. आधी पूर्ण भिंत, मग जवळून तुकडे तुकडे.

उंची कुठून मोजायची हा प्रश्न नीट विचार करून सोडवा. फरशी बदलणार असाल तर जमिनीपासून मोजलेलं माप दोन-तीन इंचांनी चुकतं. गवंडी पाण्याच्या लेव्हल पाईपने घरभर जी एक रेघ मारतात ती सगळ्यात चांगली, पण ती प्लास्टरखाली जाते. म्हणून आम्ही मापं घेतली ती दाराच्या चौकटीपासून आणि खिडकीच्या ग्रॅनाइटपासून, कारण या दोन गोष्टी हलणार नव्हत्या. मग ती सगळी आलेखाच्या कागदावर उतरवली, भिंतीला एक कागद. वायरचा पाईप लाल पेनने, नळाचा पाईप निळ्याने, कारण ड्रिलवाल्याला दोन्हीची भीती सारखीच. एक सेट लॅमिनेट करून डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या डब्याच्या, दाराच्या आत लावला, एक आईच्या कपाटात, आणि फोटो ड्राइव्हवर. नुसते व्हॉट्सॲपवर ठेवू नका, तिथे फोटो दाबून लहान होतात आणि मोठं करून बघायला गेलं की टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत.

वायर शोधायचं मशीन मिळतं ना, मग एवढं कशाला, असं माझ्या भावाने विचारलं. मीही एक आणलं. भिंतीला लावलं तर जाळी मारलेल्या जागेवर ते सगळीकडेच वाजतं. बाकी ठिकाणी वायर चालू असेल तरच करंट दाखवतं, म्हणजे आमच्या त्या स्विचनंतरच्या वायरसारखी बंद वायर असेल तर त्या मोडमध्ये दिसणार नाही, आणि भिंत ओलसर असेल तर भलतीकडेच खूण दाखवतं. मशीन वापरा जरूर, पण घरातली सगळी बटणं चालू करून आणि कागदाशी ताडून. आणि होल मारताना मेन बंद केलं म्हणजे झालं असं समजू नका, ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांच्या लाईट-पंख्याच्या लाइनी मेन बंद केल्यावरही चालूच असतात. इन्व्हर्टर वेगळा बंद करायचा. कितीतरी घरांत हे लक्षातच येत नाही.

स्लॅबला मात्र वरचा नियम लागू नाही. स्लॅबमध्ये पाईप काँक्रीट ओतायच्या आधी टाकलेले असतात आणि ते पंख्याच्या बॉक्सपासून भिंतीपर्यंत जवळच्या वाटेने, बहुतेक तिरकेच, गेलेले असतात. झोपाळ्याचा हूक, फॉल्स सीलिंग, काहीही लावायचं असेल तर आधी बघा. आणि नवीन टॉवरमध्ये फ्लॅट घेतला असेल आणि भिंती मायव्हनच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या, असतील तर भिंतीतही तसंच, कारण त्या पूर्ण काँक्रीटच्या, पाईप आधीच आत घातलेले, नंतर झिरी मारता येत नाही. ताबा घेताना बिल्डरकडे इलेक्ट्रिकलचं ड्रॉइंग मागा. लेखी मागा.

आमच्याकडे एक भिंत राहिली. स्वयंपाकघरातली, फ्रिजच्या मागची. तिथे मध्ये कॉलम आला म्हणून काकांना पाईप थोडा बाजूने वळवून घ्यावा लागला, म्हणजे तीच एक भिंत जिथे नियम मोडला, आणि त्याच भिंतीचे फोटो काढायच्या आत गवंड्याने प्लास्टर मारून टाकलं, आम्ही जेवायला गेलो होतो तेवढ्यात. काकांनी आठवून कागदावर काढून दिलंय, पण आई त्यावर विश्वास ठेवत नाही. त्या भिंतीवर पूर्वी कॅलेंडर असायचं. आता ते फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलंय.